तिसऱ्या रांगेतली खुर्ची

ग्रेकाला बसलेलं पाहिलंय असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस आमच्या खाणीच्या गावात सापडला नसता. चर्चमध्ये प्रवचनाला सगळे टेकायचे, तेव्हाही ती मागच्या खांबापाशी उभी असायची. घरी चुलीवर काहीतरी ठेवून आलेली असायची, आणि पाद्रीबाबांचं लांबलं तर मधूनच सटकता यावं म्हणून. शाळेच्या भटारखान्यात तिनं उमर काढली. पोरांना वाढून झालं की मास्तरांना, मास्तरांचं झालं की भांडी, आणि भांडी झाली की घर. घरी नवरा एफिझ, खाणीतून काळाठिक्कर होऊन आलेला, आणि प्रियामो, एकुलता एक, सदा भुकेला. हात कामात असले तरी तोंड मोकळंच असायचं, आणि त्या तोंडाला धार होती. पिकल्या केसांच्या बाईला आम्ही ‘त्सीया’ म्हणतो, मावशी म्हणावं तसं. ग्रेकाला लोक तिचे केस काळे होते तेव्हापासूनच त्सीया म्हणत. थोडं आदरानं, बरंचसं भीतीनं.

खाण चालू होती त्या बऱ्या दिवसांत एफिझनं कालामुर्ताच्या किनाऱ्यावर दोन खोल्यांचं घर बांधलं. उन्हाळ्यात सगळं खटलं तिथं जायचं. दीर, जावा, त्यांची पोरं, पोरांचे मित्र. सगळे पाण्यात, आणि ग्रेका आत, पंख्याखाली, टोमॅटो उकळत. सुट्टी म्हणजे तिच्या लेखी तोच स्वयंपाक, फक्त पायाखाली वाळू जास्त. समुद्र तिला खिडकीतून दिसायचा. तो तिला पुरे होता असं सगळे धरून चालले होते. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं.

सत्तरी ओलांडली आणि गुडघ्यानं दगा दिला. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, रोज सकाळी किनाऱ्यावरून चालायचं, दमलात की बसायचं.

“बसायचं म्हणजे?” ग्रेकानं विचारलं.

“म्हणजे बूड टेकून, त्सीया. खुर्चीवर.”

त्या वर्षी जूनच्या सुरुवातीलाच ग्रेका आणि एफिझ कालामुर्ताला आले. किनाऱ्यावर छत्र्या आणि आरामखुर्च्या भाड्यानं देण्याचा धंदा प्रियामोचाच होता. सरकारी परवाना, दोन कामगार, सरबतं विकायची टपरी, आणि टपरीवर सून लुइझेला. एफिझ सकाळपासून त्या टपरीच्या सावलीत पत्ते कुटत बसे. ग्रेका घडीची खुर्ची काखेत मारून पाण्याच्या कडेनं चालत जाई आणि दमली की झाऊच्या झुडपांपाशी खुर्ची उघडे.

पहिले दोन-तीन दिवस तिला बसणं म्हणजे शिक्षा वाटली. हात कुठं ठेवावेत तेच कळेना. मग तिनं एफिझची रानडुकराच्या शिकारीची दुर्बीण खुंटीवरून काढली आणि गळ्यात अडकवली, कारण हातांना काहीतरी हवं होतं. सकाळच्या पहिल्या उन्हात मागच्या खाजणातून लाल माणसं निघत. फ्लेमिंगोंना आमच्याकडे लाल माणसंच म्हणतात. ती रांगेनं डोक्यावरून जात तेव्हा त्यांची बडबड खालपर्यंत ऐकू येई, बाजारातून परतणाऱ्या बायकांसारखी. टेकाडाच्या दरडीवर वेडे राघू माशा धरत. खडकावर पाणकावळे पंख वाळत घालून उभे. ग्रेकानं हे सगळं जन्मभर पाहिलंच होतं, पण जाता-येता, एक डोळा दुधावर ठेवून. थांबून पाहण्यात एवढं काही असेल अशी तिला कल्पना नव्हती. घरी आली की ती एफिझला सांगे, आज खडकावरच्या त्या काळ्यानं एवढा मासा गिळला की मान वाकडी झाली. एफिझ म्हणे, हं.

एक दिवस तिच्या पायापुढून एक चिमुकला पक्षी पळाला. चिमणीहून थोडा मोठा, पाठ वाळूच्याच रंगाची, पोट पांढरं. पळायचा, थबकायचा, पुन्हा पळायचा. मग एकाएकी तो एका अंगावर कलंडला आणि एक पंख वाळूत घासटत लंगडू लागला.

“अरे देवा, मोडला वाटतं,” म्हणत ग्रेका त्याच्या मागं निघाली. गुडघा दुखत असूनही ती बरीच लांब गेली. ती जवळ पोचली की तो जरासा पुढं सरके, आणि पुन्हा तेच रडगाणं. शेवटी झाऊच्या झुडपांपासून ती पुरेशी लांब आली, तसा तो ठणठणीत पक्षी उडाला आणि पाण्यावरून वळसा घालून परत मागं गेला.

ग्रेका कमरेवर हात ठेवून उभी राहिली. जन्मात तिला कुणी असं फसवलं नव्हतं. ती हसली ती घरी येईपर्यंत हसत होती.

दुसऱ्या दिवशी ती पुढं गेलीच नाही. लांब बसून दुर्बिणीतून पाहत राहिली. पक्षी आला, इकडं-तिकडं नाटकं करून एका जागी बसला. तो उठल्यावर तिनं जागा हेरली. वाळूत बोटानं दाबल्यासारखा खळगा आणि त्यात तीन अंडी, वाळूच्या रंगाची, कुणी पेनातली शाई झटकावी तसे काळे शिंतोडे असलेली. तिनं कुणाला सांगितलं नाही. एफिझलासुद्धा नाही.

आठवडा गेला असेल. सकाळी ती पोचली तर किनारा विंचरल्यासारखा साफ. लाटांनी आणून टाकलेलं वाळकं समुद्रगवत पाहुण्यांना आवडत नाही, म्हणून प्रियामोनं ट्रॅक्टर फिरवला होता. झाऊच्या झुडपांपर्यंत फाळाचे ओरखडे. खळगा नव्हता. तो पक्षी ओरखड्यांच्या मधोमध उभा होता, पळत नव्हता, लंगडत नव्हता, काहीच करत नव्हता.

ती तशीच टपरीवर गेली. प्रियामो बर्फाची पेटी रचत होता.

“तुझ्या ट्रॅक्टरनं तिकडची अंडी चिरडली.”

“कुठली अंडी?”

“पक्ष्याची. वाळूतली.”

प्रियामोनं आईकडं पाहिलं, गळ्यातल्या दुर्बिणीकडं पाहिलं. “मम्मा, वाळूत अंडी घालणाऱ्या पक्ष्याला अक्कल नसते त्याला मी काय करू? घालेल दुसरी.”

पत्ते खेळणारे म्हातारे हसले. ग्रेका काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे काय हे एफिझला ठाऊक होतं. त्यानं हातातले पत्ते खाली ठेवले.

पक्ष्यानं दुसरी घातली. पण या वेळी झाऊपाशी नाही, बरीच पुढं, समुद्राच्या बाजूला, छत्र्यांच्या दुसऱ्या रांगेमागं रिकामी जागा होती तिथं. जूनमध्ये पाहुणे कमी, दोनच रांगा लागतात. तिसरी रांग जुलैत. ती जागा बरोबर तिसऱ्या रांगेची होती, आणि हे ग्रेकाच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं मनाशी काहीतरी ठरवलं.

तिनं लाटांनी आणलेली लाकडं गोळा करून खळग्याभोवती ऐसपैस रोवली. बारा-पंधरा पावलांवर आपली खुर्ची मांडली. तेवढ्या अंतरावर पक्षी तिला खपवून घेई, त्याहून जवळ नाही, हे तिनं आधीच पारखून घेतलं होतं. प्रियामोच्या कामगारांपैकी ट्रॅक्टरवाला तोरे एका पहाटे आला आणि तिच्यासमोर इंजिन बंद करून उभा राहिला.

“त्सीया, बाजूला होता का?”

“नाही.”

तोरे तिच्या भटारखान्यातल्या डाळीवर वाढलेला. त्यानं डोकं खाजवलं आणि ट्रॅक्टर वळसा घालून नेला.

बोलोन्याहून सुट्टीला आलेली एक बाई पहिल्या रांगेत बसे. तिच्याकडंही दुर्बीण होती, चांगली, नवी. ती एके दिवशी ग्रेकाशेजारी येऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, “हा फ्रातीनो. चिखल्यांच्या जातीतला. फार कमी उरलेत हे. याला कायद्याचं संरक्षण आहे, माहितेय तुम्हाला? वन खात्याला फोन करा. उद्या दोरी बांधून जातील.”

“आणि परवाना?”

“कुणाचा?”

“ज्याचा हा किनारा आहे त्याचा. आधीची अंडी त्यानं चिरडलीत. चौकशी झाली तर त्याचा परवाना राहील का?”

बाईनं दुर्बिणीची काच पुसली. मग म्हणाली, “कदाचित नाही राहणार.”

“तो माझा मुलगा आहे,” ग्रेका म्हणाली. “त्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही. आणि त्याचा पाय त्या अंड्यांवर पडू द्यायचा नाही. दोन्ही मलाच बघावं लागेल. तुम्हीही फोन करू नका. केलात तर मला कळेल.”

बाईनं केला नाही. पण ती रोज आपल्या दुर्बिणीतून ग्रेकाला बघू देई, आणि ग्रेका तिला अंगणातले अंजीर देई, सोलून.

जुलै लागला. पहिल्या तारखेला प्रियामो आणि दोन कामगार छत्र्यांच्या दांड्या खांद्यावर घेऊन आले. ग्रेका खुर्चीवर होती.

“मम्मा, ऊठ. रांग लावायचीय.”

“लाव की. इथं सोडून.”

“इथं म्हणजे मधोमध. चार छत्र्यांची जागा जाते. सगळ्या आधीच दिल्यात मी, पुऱ्या महिन्यासाठी.”

“मग त्यांना सांग, जागा गेली.”

“कुणी घेतली म्हणून सांगू?”

“माझं नाव सांग. ओळखतात मला.”

प्रियामोनं दांडी वाळूत आपटली. “तू. तू पक्ष्यांचं सांगतेस मला? माझ्या लहानपणी डिसेंबरात फासे लावून कस्तुर पक्षी पकडायचे तुझे भाऊ, आणि तू उकडायचीस, विलायती मेंदीच्या पानांत गुंडाळायचीस आणि विकायचीस. मलाही खायला घातलेस. डोक्यासकट. तेव्हा कुठं होती दुर्बीण?”

“खरं आहे ते. खाल्ले, विकले. पोट होतं,” ग्रेका शांतपणे म्हणाली. “भुकेनं खातोस का तू ही अंडी? खात असशील तर सांग, मी उठते. तळूनही देते.”

कामगारांपैकी एकाला हसू आलं. प्रियामोनं त्याच्याकडं असं पाहिलं की ते परत गेलं. रांग मात्र तेवढी जागा सोडूनच लागली.

त्या रविवारी सगळं खटलं जेवायला आलं. प्रियामोच्या सासरची माणसं, एफिझचे भाऊ, पोरं. घरात शिरले तर चूल गार. मोठ्या पातेल्यात पाणीसुद्धा नव्हतं. लुइझेला तरातरा किनाऱ्यावर आली.

“सासूबाई, माणसं आलीत.”

“येऊ देत.”

“जेवणाचं?”

“मी नाही केलं.”

“का?”

“इथं बसलेय.”

लुइझेलानं ओठ चावला. “मला कळतंय हे. तुम्ही त्या बाईला सांगून खात्यात तक्रार केलीय. आमचा परवाना घालवायचाय तुम्हाला. एका चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी नातवंडांच्या तोंडचा घास—”

“तक्रार करायची असती तर मी बसले असते का? फोन करून घरी लसूण सोलत बसले असते,” ग्रेका म्हणाली. “घरचं भांडण आहे म्हणून घरचं माणूस बसलंय. आणि नातवंडांच्या घासाचं म्हणशील, तर कोठीत पास्ता आहे, तू आहेस, प्रियामो आहे. चाळीस वर्षांत त्याला पाणी उकळता येत नसेल तर चूक माझी आहे, पण ती आज निस्तरणार नाही मी.”

लुइझेला परत गेली. त्या दिवशी खटल्यानं टपरीवरचे सँडविच खाल्ले. एफिझच्या थोरल्या भावानं ते चावता चावता म्हटलं, वहिनीला ऊन लागलंय. सगळ्यांना ते पटलं, कारण दुसरं काही समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की वाळूवर अनवाणी पाय ठेवला तर फोड यावेत. मादी पाण्यात पोट भिजवून येई आणि अंड्यांवर उभी राही, बसत नसे, फक्त सावली धरे. ग्रेकाच्या डोक्यावर एफिझची जुनी वेताची टोपी होती. तिला मागून पावलं ऐकू आली. एफिझ होता. एका हातात खुर्ची आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं.

त्यानं खुर्ची उघडली, बसला, पातेलं तिच्या मांडीवर ठेवलं. आत फ्रेगोला होता, रव्याच्या बारीक गोळ्यांचा, तिसऱ्या शिंपल्या घातलेला. थोडा करपला होता.

“कुणी केला?”

“मी.”

“तिसऱ्या धुतल्यास नीट?”

“खाऊन बघ.”

तिनं खाल्लं. दाताखाली वाळू आली. तिनं तशीच गिळली.

पातेलं रिकामं झाल्यावर एफिझ म्हणाला, “आम्ही खाणीत धरणं धरून बसलो होतो ना, बंद करणार म्हटल्यावर. खाली, अंधारात. तू रोज दारापर्यंत पातेलं आणायचीस.”

“आणायची.”

“मी कधी विचारलं नाही, तू काय खात होतीस ते.”

“उभ्या उभ्या काहीतरी,” ग्रेका म्हणाली. मग दुर्बीण त्याच्या हातात देऊन म्हणाली, “तो काळा पट्टा डोळ्याजवळ दिसतोय? तो नर. बाई आता गेली अंग भिजवायला.”

एफिझनं पाहिलं. “छोटा आहे फार,” तो म्हणाला. पण त्या दिवसापासून पत्ते सुटले. तो सकाळी यायचा, पातेलं आणायचा, आणि कुणाचं कुत्रं सुटून तिकडं वळलं की उठून त्याच्यापुढं उभा राहायचा.

महिन्याच्या मधला रविवार आला. किनारा तुडुंब. चार छत्र्यांच्या मालकांपैकी एक मिलानचा टाइल्सचा व्यापारी होता. तो रोज प्रियामोला गाठून विचारे, माझी छत्री कुठं आहे. त्या दिवशी तो सगळ्यांसमोर ओरडला, “मी पैसे मोजलेत. म्हातारी हलत नसेल तर तिला उचला. आणि ती अंडी मला द्या, ऑम्लेट करून आणतो.”

पहिल्या रांगेतले काही हसले. प्रियामोचे कान लाल झाले. पाहुण्यांसमोर आईपुढं हार खाणं त्याला जमेना. त्यानं कामगारांना खूण केली. एफिझ टपरीवर पाणी आणायला गेला होता.

दोघं कामगार खुर्चीच्या दोन बाजूंना उभे राहिले. “त्सीया, माफ करा,” तोरे म्हणाला.

“उचल बाबा,” ग्रेका म्हणाली. “जपून पण. गुडघा नवा आहे.”

त्यांनी तिला खुर्चीसकट उचललं. ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ताठ बसली होती. पाहुण्यांनी मोबाइल वर केले. त्यांनी तिला दुसऱ्या रांगेपलीकडं, मोकळ्या वाळूवर अलगद ठेवलं. ती उठली, घाम पुसला, आणि लंगडत परत चालत आली. खुर्ची आणली नाही. आधीच्याच जागी तापलेल्या वाळूवर बसली. गुडघा वाकत नव्हता म्हणून पाय लांब पसरून.

पाहुण्यांचे मोबाइल खाली आले.

“परत उचला,” व्यापारी म्हणाला.

तोरे हलला नाही. “मी नाही उचलणार,” तो प्रियामोला म्हणाला. “तुझी आई आहे. तू उचल.”

प्रियामो तिच्याजवळ आला. खाली वाकला. तिच्या कपाळावर घाम होता आणि वाळू मांड्यांना भाजत असणार हे त्याला दिसत होतं. तरी ती त्याच्याकडं पाहतच होती, डोळे न हलवता.

“मम्मा, तू मला गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस.”

“तू ठेवली होतीस का मला? पहिली अंडी गेली तेव्हा एक शब्द बोलला असतास, तर मी इतकी नसते चिडले. ‘चुकलं’ एवढा एकच. तू हसलास.”

“मी नाही हसलो. ते म्हातारे हसले.”

“तू त्यांना हसू दिलंस.”

तो उभा राहिला. मग तरातरा टपरीकडं गेला. लोकांना वाटलं, पोलिसांना फोन करणार. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात दोरीचं वेटोळं आणि बर्फाच्या पेटीचं झाकण होतं. त्यानं रागारागानं चार दांड्या ठोकल्या, दोरी फिरवली, ग्रेका आणि लाकडं आणि खळगा सगळं आत घेऊन. झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि दोरीला टांगलं: ‘राखीव. मालकाची आई. जवळ जाऊ नये, चावते.’

हास्याचा लोट उठला. त्याला तेच हवं होतं, निदान लोक आईला हसतील. ग्रेकानं मान वाकडी करून पाटी वाचली.

“अक्षर सुधारलंय तुझं,” ती म्हणाली. “आता माझी खुर्ची आणून दे.”

त्यानं आणून दिली. आपटली, पण आणली.

आणि झालं असं की, लाकडांना कुणी भीक घातली नव्हती, पण दोरी लोकांनी मानली. पोरं चेंडू आत गेला तर दोरीपाशी उभं राहून विचारायची, त्सीया, घेऊ का. ती म्हणायची, मी देते. लोक पाटीसमोर उभे राहून फोटो काढत, आणि कोण चावतंय ते बघायला वाकत, तेव्हा ती त्यांना दुर्बीण देऊन दाखवी. टाइल्सचा व्यापारी पैसे परत घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावर गेला. बाकीच्या तिघांना प्रियामोनं मागं जागा दिली. ते कुरकुरले आणि बसले.

जुलैच्या उत्तरार्धात एका सकाळी दोन अंड्यांतून दोन पिल्लं बाहेर आली. तिसरं अंडं तसंच राहिलं. पिल्लं म्हणजे काड्यांच्या पायांवर ठेवलेला पिंजलेला कापूस. दुपारपर्यंत ती पळायला लागली आणि ग्रेकाची झोप उडाली, कारण आतापर्यंत एक जागा राखायची होती आणि आता दोन जिवांच्या मागं सगळा किनारा राखायचा होता. एफिझ एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, बोलोन्याची बाई मध्ये. दुसऱ्याच दिवशी एक कुरव पक्षी वरून आला आणि एक पिल्लू उचलून गेला. ग्रेकानं चप्पल फेकली. चप्पल पाण्यात पडली. कुरव उडत गेला.

ती दिवसभर दुसऱ्या पिल्लावरून नजर न काढता बसली. लुइझेला टपरीवरून लिंबाचं सरबत घेऊन आली आणि तिच्या हातात दिलं, ते तिनं एका दमात पिऊन टाकलं.

दुसरं पिल्लू बापाच्या मागं मागं वाळूच्या टेकाडांकडं गेलं. चार-पाच दिवस ते दुर्बिणीत दिसायचं, रोज थोडं लांब. मग दिसेनासं झालं. ते मोठं झालं की कोल्ह्यानं नेलं हे कुणालाच कळलं नाही. बोलोन्याची बाई म्हणाली, गेलं असेल खाजणात, मोठं झालं असेल. ग्रेका म्हणाली, “असेल. नसेलही. मला खोटं सांगायची गरज नाही.”

प्रियामोनं माफी मागितली नाही. पण ऑगस्टच्या सणाला खटलं जमलं तेव्हा चुलीपाशी तो उभा होता, अंगाला आईचा एप्रन बांधून, आणि एफिझ त्याला फ्रेगोलात तिसऱ्या कधी घालायच्या ते सांगत होता. ग्रेका बाहेर अंगणात बसून होती. थोरला दीर म्हणाला, “वहिनी, तुम्ही आत नाही गेलात?”

“डॉक्टरांनी बसायला सांगितलंय,” ती म्हणाली. मीठ कमी पडलं होतं. तिनं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, ट्रॅक्टर निघायच्या आधी, तिनं प्रियामोला किनाऱ्यावर नेलं. चिखल्या आल्या होत्या. दोन जोड्या, की तीन, नक्की कळत नव्हतं.

“झाऊपासून खडकापर्यंत ट्रॅक्टर नाही,” ती म्हणाली.

“मम्मा, निम्मा किनारा झाला तो. गवताला वास येतो, पाहुणे पळतील.”

“हातानं उचला गवत. दाताळं घेऊन.”

“अर्धं देतो. त्या मोठ्या ओंडक्यापर्यंत.”

“खडकापर्यंत.”

“ओंडका. आणि तिसरी रांग या वर्षी मी जुलैत लावणारच.”

“लाव. अंडी कुठं आहेत ते मी आधी बघेन, मग लाव.”

मासळीबाजारात घासाघीस करावी तशी दोघं बराच वेळ वाऱ्यात उभी राहून भांडली. प्रियामो ओंडक्यापासून थोडा पुढं सरकला. ग्रेका खडकावरून तसूभरही मागं आली नाही. शेवटी तो दोरीसाठी दांड्या रोवायला लागला, आणि त्या खडकापाशीच रोवल्या, पण तोंडानं मात्र म्हणत होता की हे फक्त या वर्षापुरतं.

“पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी भांडू,” ग्रेका म्हणाली, आणि दोरीचं दुसरं टोक धरून उभी राहिली.